दुरुस्तीचा हक्क कायद्याने द्या

मा. मंत्री महोदय,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : घरगुती व शेतीच्या उपकरणांच्या दुरुस्तीसाठी सुटे भाग, आराखडे आणि साधने ग्राहकाला व स्वतंत्र कारागिराला मिळावीत, अशी कायदेशीर तरतूद करण्याबाबत.

महोदय,



२४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, आपल्या मंत्रालयाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. वस्तू उघडून, समजून घेऊन, पुन्हा चालू करण्यात ज्यांना आनंद वाटतो अशा माझ्यासारख्या अनेकांना त्या दिवशी फार बरे वाटले होते. कंपन्यांनी माहितीपुस्तिका, सुट्या भागांच्या किमती, वॉरंटीच्या अटी आणि दुरुस्ती केंद्रांचे पत्ते एका जागी द्यावेत ही कल्पनाच उत्तम आहे. पण त्यात सामील व्हायचे की नाही आणि सामील झाल्यावर किती माहिती द्यायची, हे कंपन्यांच्या मर्जीवर राहिले. हे पत्र तेवढ्याच एका गोष्टीसाठी लिहीत आहे. आज जे ऐच्छिक आहे ते कायद्याने बंधनकारक व्हावे.

मी पुण्यात राहते. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा व्यवसाय नाही, आवड आहे. नोकरीतून उरलेला वेळ मी मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, फ्लक्सची डबी आणि जुन्या बोर्डांवरून उतरवून ठेवलेल्या भागांच्या सोबतीत घालवते. सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे बंद पडलेला मिक्सर, चार्ज न होणारा ट्रिमर, सारखा रीस्टार्ट होणारा वाय-फाय राउटर, असे काही ना काही माझ्या दारात येतेच. या कामात काय सुख आहे आणि ते कुठे अडते, हे दोन्ही आपल्यापुढे मांडायचे आहे.

सुखाची गोष्ट आधी सांगते. छताचा पंखा हळू फिरायला लागतो. रेग्युलेटर पाचवर ठेवला तरी वारा लागत नाही. अशा वेळी मोटर बहुधा ठणठणीत असते, उतरलेला असतो तो कंडेन्सर. त्याच्यावर त्याचे मूल्य छापलेले असते, बहुतेक घरगुती पंख्यांत २.५ मायक्रोफॅरड. मीटर लावला की तो किती उतरला आहे ते कळते. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तोच आकडा सांगायचा, शंभर रुपयांच्या आत नवा घ्यायचा, मेन स्विच बंद करून दोन वायरी जोडायच्या, की पंखा पहिल्यासारखा फिरतो. हे इतके सोपे होते, कारण तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात. भागावर त्याची माहिती लिहिलेली असते. तो भाग खुल्या बाजारात मिळतो आणि कोणत्याही कंपनीच्या पंख्याला चालतो. आणि झाकण साध्या स्क्रू ड्रायव्हरने उघडते. या तीन गोष्टींच्या बळावर खेड्यातला वायरमनसुद्धा कोणाची परवानगी न घेता पंखा दुरुस्त करून देतो.

टीव्हीची गोष्ट थोडी अवघड, पण तिचा आनंदही मोठा. आवाज येतो आणि पडदा काळा राहतो, ही एलईडी टीव्हीची नेहमीची तक्रार. शेजारच्या काकूंच्या घरी हेच झाले. कंपनीचा माणूस आला, ‘पॅनेल गेलंय’ म्हणाला, आणि खर्चाचा जो आकडा त्याने सांगितला त्यात जवळजवळ नवा टीव्ही आला असता. आम्ही खोलीत अंधार केला आणि टॉर्च पडद्यावर तिरका धरला. त्या काळ्या पडद्यावर मालिकेतली माणसे पुसट हलताना दिसली. म्हणजे पॅनेल जिवंत होते, फक्त त्याच्यामागे उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या होत्या. या पट्ट्यांतले दिवे एकामागे एक जोडलेले असतात. एक जरी गेला तरी सगळी ओळ विझू शकते. पट्ट्या बाजारात मिळाल्या, मॉडेल नंबर जुळला. काचेचा पातळ पडदा दोघींनी मिळून अलगद उचलून बाजूला ठेवला, पट्ट्या बदलल्या, आणि संध्याकाळी काकूंच्या घरात टीव्ही लागला. पॅनेलच्या किमतीच्या मानाने खर्च अगदी किरकोळ होता.

महोदय, पंख्याला आणि टीव्हीला जी माहिती आणि जो भाग मिळाला, ते पुढच्या वस्तूंना मिळत नाही. अडचण सुरू होते ती इथे.

वॉशिंग मशीनचे नियंत्रण करणारा बोर्ड अनेक मॉडेलांत पारदर्शक रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेला असतो. ओलावा आणि झुरळे यांपासून बोर्ड वाचावा हा त्यामागचा हेतू योग्य आहे. पण बिघडतो तो बहुतेकदा एखादा रिले किंवा वीजपुरवठ्याच्या भागातला कंडेन्सर. तो काही रुपयांचा भाग बाहेर काढता येत नाही, म्हणून हजारो रुपयांचा सगळा बोर्ड बदलावा लागतो. मॉडेल जुने असले की तोही मिळत नाही, आणि ड्रम, मोटर, पंप सगळे शाबूत असलेले यंत्र भंगारात जाते. संरक्षण ठेवूनही झिजणारे भाग बदलता येतील अशी रचना करता येते. तशी करण्याचे बंधन कोणावर नाही.

लॅपटॉपच्या बॅटरीचे दुखणे वेगळे. बॅटरीत सेलबरोबर एक छोटी चिप असते. ती लॅपटॉपशी बोलते, आणि लॅपटॉपला तिची ओळख पटली नाही तर तो बॅटरी चार्ज करायलाच नकार देऊ शकतो. माझ्याकडे आलेल्या एका लॅपटॉपची मूळ बॅटरी कंपनीने विकणे बंद केले होते आणि दुसऱ्या उत्पादकाची चांगली बॅटरी तो लॅपटॉप घेत नव्हता. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड, सगळे उत्तम चालत होते. वापरणारी मुलगी कॉलेजात शिकत होती. तिला तो लॅपटॉप कायम भिंतीच्या सॉकेटला जोडून वापरावा लागला. वर्गात नेता न येणारा लॅपटॉप विद्यार्थिनीच्या काय कामाचा?

फोनमध्ये हीच गोष्ट आणखी पुढे गेली आहे. एकाच मॉडेलचे दोन फोन घ्या, एकाचा बोर्ड जळलेला, दुसऱ्याचा पडदा फुटलेला. एकाचा पडदा दुसऱ्याला बसवला तर एक चांगला फोन तयार व्हायला हवा. काही मॉडेलांत तसे होत नाही. पडद्याचा किंवा कॅमेऱ्याचा अनुक्रमांक बोर्डाशी सॉफ्टवेअरने बांधलेला असतो. भाग अस्सल असूनही इशाऱ्याचे संदेश येत राहतात किंवा एखादी सोय बंद पडते. ती जोडणी करून देणारे सॉफ्टवेअर अनेकदा कंपनीच्या दुरुस्ती केंद्राबाहेर मिळत नाही.

आणि काही वस्तूंना तर काहीच झालेले नसते. ॲपवरून चालणारे दिवे आणि प्लग मी हौसेने घरात बसवले होते. काही काळाने त्या कंपनीने सर्व्हर बंद केला आणि ॲपही काढून घेतले. दिवे प्रकाश द्यायला तयार आहेत, पण त्यांना सांगणारे कोणी उरले नाही. घरातल्या वाय-फायवरून, बाहेरच्या सर्व्हरची मदत न घेता ते चालवण्याची सोय द्यावी, एवढे बंधन असते तर ते आजही उपयोगात असते.

या सगळ्यात माझे नुकसान मर्यादित आहे, कारण माझ्यासाठी हा छंद आहे. ज्यांचे पोट यावर आहे त्यांच्याकडे पाहा. पुण्यातली तपकीर गल्ली किंवा मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड येथे गेलात तर तळहाताएवढ्या जागेत, भिंग लावून, तांदळाच्या दाण्याहून लहान भाग काढून दुसरे बसवणारी माणसे दिसतील. त्यांच्यातल्या काहींनी आयटीआयमध्ये शिक्षण घेतले आहे, बरेच जण उस्तादाच्या हाताखाली शिकले आहेत. कौशल्यात ते कोणाहून कमी नाहीत. त्यांना कमी पडतो तो आराखडा. पूर्वी रेडिओ-टीव्हीच्या कितीतरी संचांत सर्किटचा आराखडा झाकणाच्या आत चिकटवलेला किंवा पुस्तिकेत छापलेला असे. कुठे किती व्होल्ट मिळायला हवेत हे पाहून कारागीर बिघाडापर्यंत पोहोचत असे. आज त्याच कारागिराला आराखड्याची फाइल कुठून तरी, कोणाकडून तरी मिळवावी लागते. ती खरी आहे की नाही याची खात्री नसते. ती नसली तर दोन बोर्ड शेजारी ठेवून एकेका बिंदूवर मोजमाप घेत बसावे लागते. उघडपणे करण्याजोगे प्रामाणिक काम त्याला चोरून मिळवलेल्या कागदावर करावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शहराबाहेर याची किंमत आणखी वाढते. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या गावाकडे विहिरीवरचा पंप आता मोबाइल स्टार्टरवर चालतो. शेतीला रात्री वीज आली तर अंधारात विहिरीवर जायला नको, घरून मोबाइलने मोटर चालू-बंद करता येते, मोटरवर बिघाड आला तर फोनवर कळते. विंचू-सापाच्या भीतीतून शेतकऱ्याची सुटका करणारे हे तंत्रज्ञान मला फार मोलाचे वाटते. पण विजेच्या झटक्याने त्यातला बोर्ड गेला की तालुक्याच्या गावी कोणी तो उघडत नाही, कारण माहिती नाही आणि भाग नाही. बोर्ड कंपनीकडे पाठवायचा आणि वाट पाहायची. ऐन उन्हाळ्यात उभ्या पिकाला ती वाट परवडत नाही. आपल्याच विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे निवडली होती. शेतीला त्यात पहिले स्थान देणे अगदी योग्य होते. आता त्या निवडीला कायद्याची जोड हवी.

याला होणारे आक्षेप मला माहीत आहेत, आणि त्यांतला सुरक्षेचा मुद्दा मी गांभीर्याने घेते. फुगलेली लिथियम बॅटरी टोचली गेली तर पेटू शकते. मायक्रोवेव्हमधला उच्च दाबाचा कंडेन्सर प्लग काढल्यावरही जीवघेणा धक्का देऊ शकतो. पण हा धोका माहिती दडवल्याने वाढतो. वस्तू उघडली जाणारच आहे, कारण कंपनीचे केंद्र दूर आहे आणि महाग आहे. मग उघडणाऱ्याच्या हातात कंपनीनेच लिहिलेली पुस्तिका असावी हे अधिक सुरक्षित आहे. कंडेन्सर कसा रिकामा करायचा, बॅटरी कोणत्या क्रमाने सोडवायची, कोणता भाग फक्त प्रशिक्षित माणसानेच हाताळायचा, हे त्यात स्पष्ट असावे. बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवण्याऐवजी ओढून निघणाऱ्या पट्टीवर बसवली, तर टोचण्याची वेळच येत नाही.

दुसरा आक्षेप व्यापारी गुपितांचा. दुरुस्तीसाठी चिपच्या आतली रचना कोणी मागत नाही. बोर्डवर कुठला भाग कुठे आहे, त्याचे मूल्य काय आणि तपासणीच्या बिंदूवर किती व्होल्ट हवेत, एवढे पुरते.

आपल्या देशात यावर आधीच निर्णय झालेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड केला. अस्सल सुटे भाग, तांत्रिक पुस्तिका आणि बिघाड शोधणारी साधने स्वतंत्र गॅरेजना न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने म्हटले आणि ती उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. पुढे त्यावर अपिले झाली, दंडाच्या रकमेवर वाद झाले. तरी त्या आदेशातले तत्त्व स्पष्ट आहे. वस्तू विकल्यानंतर तिच्या दुरुस्तीचा बाजार विक्रेत्याने अडवून ठेवू नये. जे मोटारीला लागू, ते वॉशिंग मशीनला आणि फोनलाही लागू व्हायला हवे. पण प्रत्येक वस्तूसाठी एखाद्या ग्राहकाने आयोगाकडे जाऊन वर्षानुवर्षे लढावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणूनच सर्वांना लागू होणारा नियम हवा.

जगात हे घडत आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि गवत कापण्याचे यंत्र यांवर दुरुस्ती-सुलभतेचे दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले. माहितीपुस्तिका मिळते का, वस्तू किती सहज उघडते, सुटे भाग मिळतात का आणि वस्तूच्या किमतीच्या मानाने ते किती महाग आहेत, यांवर ते गुण ठरत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोन व टॅब्लेटवर दुरुस्ती-सुलभतेची श्रेणी छापावी लागते. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात आणि पाच वर्षे सॉफ्टवेअर सुधारणा द्याव्या लागतात. फेब्रुवारी २०२७ पासून तिथे छोट्या उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद सोडले तर, ग्राहकाला स्वतः काढता येतील अशा असाव्या लागतील. हे नियम ज्यांना लागू आहेत अशा बऱ्याच कंपन्या भारतातही फोन विकतात. तिकडच्या ग्राहकासाठी भाग तयार ठेवायचे, पुस्तिका लिहायची, हे त्यांना करावेच लागते. तेच भाग आणि त्याच पुस्तिका इथल्या ग्राहकाला मिळू नयेत याचे कोणतेही सबळ कारण नाही.

आपल्याकडची तयारीही पुढे गेली आहे. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती-निर्देशांकाची चौकट सुचवणारा एका समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आपल्या विभागाला सादर झाला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वस्तूचा दर्जा, प्रमाण, मानक आणि किंमत यांविषयी माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाला देतो. खोक्यावर किंमत छापण्याचे नियम आपलाच विभाग राबवतो. वीज किती लागेल हे सांगणारे तारे २००६ साली आले, आणि आज फ्रिज घेताना घरातली माणसे आधी तारे मोजतात. ग्राहकाला साधी, एका नजरेत कळणारी माहिती मिळाली की तो शहाणपणाने निवडतो, हे या देशाने करून दाखवले आहे.

कचऱ्याचा हिशोबही इथे मांडायला हवा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होईल अशा रीतीने गोळा होऊन पुनर्चक्रणासाठी गेला. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत आणि उत्पादकांवर त्या कचऱ्याची जबाबदारी आहे. पण पुनर्चक्रणात तांबे, ॲल्युमिनियम, थोडे सोने परत मिळते. ती वस्तू घडवताना लागलेली वीज, पाणी आणि माणसांचे श्रम परत मिळत नाहीत. एक रिले बदलून वॉशिंग मशीन आणखी काही वर्षे चालले, तर ते सगळेच वाचते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

पहिली, दुरुस्ती-निर्देशांक बंधनकारक करावा आणि तो खोक्यावर, दुकानातल्या पाटीवर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर किमतीच्या शेजारी छापावा. त्यात सुट्या भागांच्या किमतीला वजन असावे. भाग मिळतो पण परवडत नाही, ही पळवाट राहू नये.

दुसरी, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही ठरावीक वर्षे बॅटरी, पडदा, वीजपुरवठ्याचा बोर्ड, मोटर असे झिजणारे भाग ग्राहकाला आणि स्वतंत्र कारागिराला सारख्याच किमतीत मिळावेत.

तिसरी, दुरुस्तीची पुस्तिका, बोर्डाचा आराखडा आणि बिघाड शोधणारे सॉफ्टवेअर पोर्टलवर ठेवणे सक्तीचे असावे. पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत असाव्यात, कारण आपले बहुतेक कारागीर आपापल्या भाषेतच शिकतात आणि काम करतात.

चौथी, अस्सल किंवा योग्य दर्जाचा भाग बसवल्यावर सॉफ्टवेअरने त्याला अडवू नये. सर्व्हर बंद करणाऱ्या कंपनीने वस्तू घरातल्या घरात चालत राहील अशी सोय आधी द्यावी.

पाचवी, स्वतंत्र कारागिराने वस्तू उघडली एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द होऊ नये. बिघाड त्या दुरुस्तीमुळे झाला, हे कंपनीने दाखवून द्यावे.

या नियमांची सुरुवात शेतीच्या उपकरणांपासून आणि मोबाइलपासून करावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. पहिल्यावर शेतकऱ्याचे पीक अवलंबून आहे. दुसऱ्यावर आज घराघरातले बँकेचे व्यवहार, शिक्षण आणि सरकारी योजना अवलंबून आहेत.

नियमांचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला कराल तेव्हा तपकीर गल्लीतल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या आणि तालुक्यांतल्या कारागिरांना चर्चेला बोलवा. कुठला स्क्रू काढायला त्रास होतो, कुठला भाग सर्वांत आधी जातो, कशाची किंमत अवाजवी आहे, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नाही. मीही माझ्या वहीत टिपलेले बिघाड, त्यांची कारणे आणि भागांच्या किमती घेऊन यायला तयार आहे. आम्हाला सवलत नको, अनुदान नको. पैसे मोजून विकत घेतलेली आमची वस्तू आम्हाला दुरुस्त करता यावी एवढा हक्क हवा, आणि तो देणे आपल्या अधिकारात आहे.

आपली नम्र,
पुण्यातील एक ग्राहक आणि हौशी दुरुस्तीकार